रुखसारबाई आणि चौकातला टी-पंचावन्न

चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला बसस्टँडमागच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक सारखे जात असतात. त्या रस्त्याला लागून ट्रकच्या बॉड्या बनवणाऱ्यांची शेडं आहेत, त्यातलं शेवटचं मन्सूरभाईंचं. मन्सूरभाई आता खुर्चीवर बसून असतात. गिऱ्हाईक आलं की ते हनुवटीनं आत दाखवतात. आत, ठिणग्यांच्या मागे, त्यांची सून रुखसार असते. सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, डोक्याला घट्ट गुंडाळलेली ओढणी, तोंडापुढे काळ्या काचेची ढाल. काम संपल्याशिवाय ती ढाल बाजूला करत नाही आणि कोणाशी बोलत नाही.

मी त्याच रस्त्यावर टायरचं दुकान चालवतो. तिच्या नवऱ्याला, आरिफला, मी चड्डीत फिरताना पाहिलेलं. त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं आणि बाकीचं रुखसारबाईनं स्वतः सांगितलं. सांगताना तिच्या तोंडून एकदाही ‘चुकलं’ असा शब्द आला नाही.

आरिफ गॅस कटिंगचा कारागीर होता. लग्न नवंच होतं तेव्हा तौसीफ गावी आला. तौसीफ आमच्याच मोहल्ल्यातला, पण इराकमध्ये बसऱ्याजवळच्या एका भंगारवाड्यात मुकादम झालेला. तिकडच्या लढायांमध्ये निकामी झालेले रणगाडे त्या वाड्यात कापत आणि लोखंड भट्टीला पाठवत. तौसीफ ईदला यायचा आणि परत जाताना इकडची दोन-चार पोरं घेऊन जायचा. त्या ईदनंतर त्यानं आरिफला नेलं.

संध्याकाळी काम सुटलं की आरिफचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडून दुसरं दाखवायला काही नव्हतं. चारही बाजूंनी वाळू आणि वाळूत तोंडं खुपसून उभे असलेले रणगाडे. मग तो बायकोला तेच दाखवायचा.

“हे पाह्य, पाच चाकं. पहिल्या अन् दुसऱ्या चाकामधी जागा जास्त सुटली, दिसली? असं दिसलं का समजायचं टी-पंचावन्न. रशियाचा.”

“अन् त्याच्या बाजूचा?”

“तोबी तोच, पण पोलंडमधी बनला. तिकडचा चेकवाल्याहीनं बनवला. अन् हा दोन्हीकून दिवेवाला चीनचा. चीननं पह्यले याची नक्कल केली, मंग त्याच्यात आपलं घालत गेले अन् नाव दुसरं ठेवलं. तो सहा चाकाचा रोमानियाचा, चुलतभाऊ समज.”

“एकाच टँकवर एवढे देश?”

“अर्ध्या दुनियेनं घेतला होता हा. इजिप्त, सिरिया, व्हिएतनाम, क्यूबा, अफगाणिस्तान, आफ्रिकेतले तं मोजू नको. कधी कधी दोन्ही बाजूनं हाच, म्हणजे भाऊ भावावरच गोळा मारते. आपल्या फौजेकडेबी होता. आपल्यावाल्याची तोफ मंग बदलली. याच्या नळीवरची फुगलेली गाठ तोंडाशी हाये ना, आपल्यावाल्याची मधात.”

एकदा फोन हातात धरून तो एका रणगाड्याच्या आत उतरला. ड्रायव्हर पुढे डावीकडे, त्याच्या शेजारी उजवीकडे गोळे ठेवायची जागा. वर डाव्या हाताला तोफ चालवणारा आणि त्याच्या मागे कमांडर, उजवीकडे गोळा भरणारा. रुखसार घरात चुलीपाशी बसून पाहत होती. ती म्हणाली, “एवढ्याशा जागेत चार माणसं? बसत कुठी असतीन अन् मरत कुठी असतीन?”

“बसते तिथीच मरते,” आरिफ हसत म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्यानं तिला समजावलं. कापायच्या आधी मशीनवाला माणूस येतो, आत जिवंत गोळा राहिला का ते तपासतो आणि सगळं ठीक असलं तर समोर पांढऱ्या रंगानं खूण करतो. “पांढरी खूण असली तरच कटर लावाचा. नसली तं कोणी हातबी लावत नाई. तू फिकर नोको करू.”

पुढच्या ईदच्या आधीच आरिफ पेटीत घरी आला. पेटी उघडू दिली नाही. सोबत तौसीफ होता. कब्रस्तानातून परतल्यावर मशिदीच्या अंगणात माणसं बसली, तेव्हा तौसीफनं सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज अगदी दुःखी होता. “मी त्याले किती डाव सांगितलं, जिथी खूण नाई तिथी जाऊ नोको. पण गोळ्याचं पितळ काढून विकाची त्याले आदत लागली होती. चोरून आत गेला अन् गोळा फुटला. आता मेलेल्याचं काय बोलाचं? अल्लाह माफ करो.”

मन्सूरभाई तिथेच बसले होते. त्यांनी मान खाली घातली, ती कित्येक वर्षं वर आली नाही. मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस चपलांच्या बाजूला उभा राहू लागला. लग्नकार्यात जाणं सोडलं. मोहल्ल्यात भांडण झालं की कोणीतरी हमखास म्हणायचं, “तू चूप राह्य, तुह्यापेक्षा तो पितळचोर बरा.” रुखसारच्या कानावर ते पडायचं. आरिफ चोर नव्हता हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या ठाऊक असण्याला कोण विचारतो!

ती माहेरी गेली नाही. सासऱ्याच्या हाताला कंप सुटला तेव्हा तिनं वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला आणि काम शिकून घेतलं. सुरुवातीला लोक बघायला यायचे, मग सवय झाली.

तौसीफ इराकमधून कायमचा परतला. त्यानं इथं भंगाराचा धंदा सुरू केला, मग ट्रक घेतले. तौसीफचा तौसीफ शेठ झाला. रमजानमध्ये त्याच्याकडून गरिबांच्या घरी इफ्तारीचे डबे जायचे. रुखसारच्याही दारात यायचा. ती डबा आणणाऱ्याला पाणी द्यायची आणि डबा जसाच्या तसा परत पाठवायची.

आरिफसोबत त्या वाड्यात वारलू नावाचा एक गोंड पोरगा काम करायचा, अहेरीकडचा. स्फोटात त्याचे कान गेले आणि डाव्या हाताची बोटं गेली. तो थेट आपल्या गावी निघून गेला होता. आरिफच्या बोलण्यातून रुखसारला त्याच्या गावाचं नाव माहीत होतं. एका थंडीत ती एसटीनं अहेरीला गेली, तिथून जीपनं पुढे. वारलू अंगणात मोहफुलांच्या टोपल्या नीट करत होता. तिनं त्याच्यासमोर आरिफचा फोटो धरला.

वारलूनं फोटो पाहिला. मग कमरेची तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि मातीच्या भिंतीवर एक जाड रेघ ओढली. पांढरी.

“खूण होती, भाबी,” तो म्हणाला. कान गेल्यामुळे तो फार मोठ्यानं बोलायचा. घरातली माणसं बाहेर आली. “टँकवर खूण होती. मशीनवाला त्या दिवशी आलाच नाई. गाड्या भरून पाठवाची घाई होती, तं तौसीफभाऊनं सोताच ब्रश घेतला अन् खूण केली. मी पाह्यलं. आरिफभाऊनं खूण पाहून कटर लावला. मी पाणी आणाले मांगं वळलो होतो, म्हणून वाचलो. मंग त्यानं मले कागदावर लिहून दाखवलं, बोलशीन तं तुलेबी चोर करीन.”

रुखसार परत आली ती वेगळीच बाई होऊन. तोवर तिला दुःख होतं. आता त्या दुःखाला चेहरा मिळाला. चंद्रपूरला ती एका वकिलाला भेटली. तो म्हणाला, परदेशातली गोष्ट, वर्षं उलटली, साक्षीदार एक आणि तोही बहिरा; उभं राहणं कठीण आहे. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा कोणाला काही विचारलं नाही. वारलूला मात्र निरोप धाडून बोलावून घेतलं आणि शेडमध्ये कामाला ठेवलं.

तिनं मला सांगितलं, “लोकं म्हणते, टाइम गेला का राग कमी होते. माहा तं वाढतच गेला, भाऊ. मी लोखंड तापवून राह्यली का त्याचं तोंड दिसे. त्याच्या गाडीचा आवाज मले दुरून समजे. वाटे, एक डाव, फक्त एक डाव हा माणूस आरिफ होता तिथी बसला पाह्यजे. जिथी बसते तिथीच मरते.”

आणि मग आमच्या चौकातल्या बागेसाठी फौजेनं एक निवृत्त रणगाडा दिला.

लांबलचक ट्रेलरवर तो आला तेव्हा अर्धं घुग्घुस बघायला लोटलं होतं. एकाहत्तरच्या लढाईच्या काळातला, इंजिन काढलेला, हिरवा रंग उडालेला. मुलं चाकांवर चढत होती. रुखसार गर्दीच्या कडेला उभी होती. तिनं चाकं मोजली. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधली जागा पाहिली, मग मान वर करून नळी पाहिली. गाठ मधात होती. ती तोंडावर ओढणी घेऊन घरी निघून गेली आणि त्या दिवशी शेड उघडलं नाही.

रणगाड्याखालचा चौथरा तौसीफ शेठनं बांधून दिला होता, त्यामुळे त्याचं नाव दगडावर कोरलं जाणार होतं. रणगाडा चौथऱ्यावर चढवला त्या दिवशी माइक हातात घेऊन तो म्हणाला, “याची झाकणं पक्की कराचं काम, आतून साफसफाई, हे मी आपल्या रुखसारबाईले देऊन राह्यलो. तिच्या घरवाल्यानं जे केलं ते केलं. त्याच्या गुन्ह्याची सजा त्याच्या बेवाले काऊन?” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मन्सूरभाईंना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा सुनेवर ओरडले. “त्याच्या हातचं काम घेशीन तू?”

“हो अब्बा,” ती म्हणाली. “त्याच्याच हातचं.”

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. रणगाड्याच्या पत्र्यावर ओलं गोणपाट टाकल्याशिवाय बसता येत नव्हतं. म्हणून रुखसार आणि वारलू सकाळीच काम करायचे. आतला गंज खरवडला, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तळाला भोकं पाडली. बहुतेक झाकणं फौजेच्या डेपोतूनच वेल्ड होऊन आली होती; आत-बाहेर करायला फक्त तोफेच्या फिरत्या बुरुजावरचं उजवीकडचं, गोळा भरणाऱ्याचं, झाकण उघडं होतं. ते शेवटी बंद करायचं होतं. डेपोतून सोबत आलेल्या माणसानं आतमध्ये काही नाही असं सांगितलं होतं आणि समोर पांढऱ्या रंगाची खूणही होती. तरी रुखसारनं कोपरान् कोपरा हातानं चाचपला. गोळे ठेवायची जागा रिकामी होती. ती तिथे, त्या रिकाम्या कप्प्यावर हात ठेवून, थोडा वेळ बसली.

“तवाच ठरवलं होतं का?” मी विचारलं होतं.

“ठरवलं नव्हतं. पण वेल्डिंगची मशीन दुपारीबी तिथीच ठेवू लागली.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तौसीफ शेठ आला. त्याला रणगाड्यातून अर्धा बाहेर निघालेला स्वतःचा फोटो बॅनरवर हवा होता. ड्रायव्हरला त्यानं घरून तिरंगी फेटा आणायला पाठवलं. बागेचा चौकीदार कडुनिंबाखाली तोंडावर गमछा टाकून झोपला होता. वारलू पाठमोरा बसून चौथऱ्याच्या जाळीला रंग देत होता. त्याला काही ऐकू येत नाही. रुखसार वर, बुरुजावर होती.

“आतून कसा दिसते वो?” तौसीफनं विचारलं.

“तुम्ही तं पाह्यले असतीन लय,” ती म्हणाली.

“पाह्यले. पण ते भंगार होते. हा आपल्या फौजेचा. थांब, फेटा येईपर्यंत आतला एक व्हिडिओ काढून घेतो.”

तो वर चढला, चटके खात हाय-हुय करत आत उतरला. खालून त्याच्या फोनचा उजेड हलताना दिसला. रुखसारनं दोन्ही हातांनी झाकण उचललं आणि पाडलं. ढाल तोंडावर ओढली, होल्डर घेतला आणि कडेला दोन ठिकाणी टाका मारला. टाका म्हणजे वेल्डिंगचा थेंबभर जोड. पण तेवढ्यानंही ते झाकण आतून माणसाच्या जोरानं उघडत नाही.

आधी आतून हसण्याचा आवाज आला. मग ठोकणं. मग शिव्या. बुरुजाच्या समोर, जिथं पूर्वी मशिनगनची नळी असे, तिथं एक भोक आहे. रुखसार खाली उतरून त्या भोकाशी आली.

“शेठ, ऐकू येऊन राह्यलं का?”

“झाकण खोल! येडी झाली का? पोलीस बोलावतो मी!”

“फोन लावून पाहा.”

आत जाड लोखंड. फोन लागला नाही. तो पुन्हा ठोकू लागला.

“आरिफ चोर होता का?” तिनं विचारलं.

“काय?”

“आरिफ. माहा नवरा. चोर होता का?”

“हो होता! सगळ्या गावाले मालूम हाये! खोल पह्यले!”

“बरं,” ती म्हणाली, आणि चाकाच्या सावलीत जाऊन बसली.

तौसीफचा ड्रायव्हर फेटा घेऊन आला. त्यानं ठोकण्याचा आवाज ऐकला, झाकण ओढून पाहिलं आणि घाबरून आरडाओरडा केला. चौकीदार उठला. नेमकी तेव्हाच खाणीची पाळी सुटली होती, त्यामुळे चौकातून मोटारसायकली येऊ लागल्या आणि एकेक थांबू लागली. माझ्या दुकानात कोणीतरी सांगत आलं. मी मन्सूरभाईंना गाडीवर मागे बसवलं आणि तिकडे नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा रुखसार गॅस कटर पेटवून बुरुजावर उभी होती. खाली माणसंच माणसं. कोणी तिला ओरडत होतं, कोणी फोनवर चित्रण करत होतं, पण पेटलेल्या कटरजवळ जायची कोणाची हिंमत नव्हती. ती भोकाकडे वाकून मोठ्यानं म्हणाली, “शेठ, खोलते मी. पण टाका बसला हाये. कापूनच काढा लागते.”

आतून आलेला आवाज मी विसरणार नाही. “नाई! कापू नोको! कटर नोको लावू!”

“काऊन?”

“आत काही असलं तं? गोळा-बिळा असला तं?”

“डेपोवाल्यानं तपासला हाये. समोर पांढरी खूण हाये.”

“खुणेचं काय सांगतं! खूण तं कोणीबी लावते!”

चित्रण करणाऱ्यांनी फोन आणखी वर धरले. रुखसारनं कटर बाजूला धरला.

“कोणीबी लावते म्हणजे? बसऱ्यात कोणी लावली होती?”

तिनं ज्योत पुन्हा झाकणाकडे नेली.

“शेठ, मी लावून राह्यली कटर.”

“थांब! मी लावली! मीच लावली होती. मशीनवाला आला नव्हता, वरून घाई चालू होती. मले वाटलं, टँक खाली असंन. आता खोल, बाई, कटर नोको लावू, दुसऱ्या कोणत्या रीतीनं खोल. जीव घुसमटून राह्यला माहा.”

“अन् आरिफ?”

“त्यानं काही चोरलं नाई. मी आपल्यावर येऊ नये म्हणून बोललो.”

मन्सूरभाई माझ्या खांद्याला धरून उभे होते. रुखसारनं वरून त्यांच्याकडे पाहिलं. “अब्बा, ऐकलं?”

मला वाटलं म्हातारा आता रडेल, म्हणेल, बेटी, झालं, सोड त्याला. मन्सूरभाईंनी मान वर केली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “मशिदीत लोकं लय होते. इथी कमी हायेत. त्याले पुन्यांदा म्हणाले लाव. जोरानं.”

तौसीफनं पुन्हा सांगितलं. नावानिशी, रडत, घसा फाडून. चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं. मग त्याचा आवाज बारीक होत गेला आणि नुसतं ठोकणं उरलं, तेही सावकाश.

आता रुखसारनं झाकण कापायला हवं होतं. तिनं कापलं नाही. ती तशीच उभी राहिली, कटरच्या निळ्या ज्योतीकडे बघत. वारलूला काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्यानं रणगाड्याच्या कडेला तळहात लावला होता. आतलं ठोकणं त्याला हातात कळत होतं. त्यानं वर पाहिलं आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, “भाबी, ठोकणं बंद झालं.”

तरी ती थांबली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कोणीतरी तिच्या नावानं ओरडलं. मग तिनं ढाल तोंडावर ओढली आणि टाक्यांवर ज्योत धरली.

नंतर मी तिला विचारलं होतं, मग का उघडलंस? दया आली?

“दया?” ती म्हणाली. “मी त्याले मारालेच आत कोंडलं होतं, भाऊ, तुमच्यापाशी काऊन खोटं बोलू? पण तो आत मेला असता तं लोकं त्यालेच बिचारा म्हणले असते. दहा गावची माणसं त्याच्या मिट्टीले आली असती. माह्या आरिफच्या मिट्टीले आलेले लोकं हात झटकून गेले होते. तसा मौका मी त्याले काऊन देऊ? जिता राहू दे. घुग्घुसमधीच राहू दे.”

चार माणसांनी तौसीफला वर काढलं. अंगावरचा पांढरा कुर्ता गंजानं आणि घामानं लाल झाला होता, ओठ फुटले होते, डोळे उघडत नव्हते. कोणीतरी अंगावर पाणी ओतलं. त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. रुखसारनं सिलिंडरची चावी बंद केली, नळ्या गुंडाळल्या, वारलूला हातानं ‘सामान शेडमध्ये ने’ असं सांगितलं आणि पोलीस येईपर्यंत चौथऱ्याच्या पायरीवर बसून राहिली. गाडी आली तेव्हा कोणी हात धरायच्या आत स्वतःच चढली.

तौसीफ वाचला. बरेच दिवस दवाखान्यात होता. उन्हानं मूत्रपिंडावर परिणाम झाला म्हणतात, आता उन्हात फिरता येत नाही. त्या दुपारचं चित्रण ऊर्जानगरपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. उद्घाटन पुढे गेलं आणि झालं तेव्हा चौथऱ्यावर कोणाच्याच नावाचा दगड नव्हता. इराकला त्याच्याबरोबर गेलेल्या आणखी दोघांनी आपणहून येऊन वारलूसारखंच सांगितलं. इतकी वर्षं ते गप्प का होते, ते त्यांचं त्यांना माहीत. तौसीफच्या घरच्या लग्नात मोहल्ल्यातली निम्मी माणसं जेवायला गेली नाहीत.

मन्सूरभाई पुढच्या जुम्म्याला मशिदीत गेले आणि पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. कोणी त्यांना जागा करून दिली नाही, कोणी अडवलंही नाही. त्यांनी कोपरानं जागा केली.

रुखसारवर खटला आहे. माणसाला कोंडून जिवे मारायचा प्रयत्न केला, असा आरोप आहे, आणि तो खोटा आहे असं तीही म्हणत नाही. जामिनावर सुटल्यापासून ती शेडमध्ये पूर्वीसारखीच काम करते. तारीख असली की सकाळच्या बसनं चंद्रपूरला जाते. पुढच्या बाकावर बसते. तौसीफला साक्षीला यावं लागतं, काठी टेकत येतो. ती त्याच्याकडे बघत राहते. तो भिंतीकडे बघतो. तिच्या वकिलानं त्याला पहिल्यांदा विचारलं की बाईनं तुम्हाला का कोंडलं, तेव्हा त्यानं इतकं हळू उत्तर दिलं की जजसाहेबांना ‘मोठ्यानं बोला’ म्हणावं लागलं.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातली चार मोठी माणसं मन्सूरभाईंच्या शेडमध्ये आली. मीही बसलो होतो. त्यांनी सांगितलं, शेठ समझोता करायला तयार आहे. तो तक्रार सौम्य करेल, तू जेलमधून वाचशील, दोन्ही घरं सुटतील. मन्सूरभाईंनी हनुवटीनं आत दाखवलं.

रुखसारनं ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा मागवला. त्यातल्या सगळ्यात वयस्क माणसानं पुन्हा विचारलं, “बोल बेटी, काय सांगू त्याले?”

“सांगा, तब्येत सांभाळ,” ती म्हणाली, आणि ढाल हातात घेतली. “लय तारखा बाकी हायेत.”